रांगतं मूल आणि घासलेटची बाटली

परवा धाकट्या भावाकडे गेले होते. त्याचा नातू नुकताच रांगायला लागलाय. टीपॉयच्या कोपऱ्यांना मऊ रबर, प्लगच्या भोकांना झाकणं, स्वयंपाकघराच्या दारात छोटं फाटक! आधी मला हसूच आलं. मग आमचं १९५८ सालचं घर आठवलं.

सातारा जिल्ह्यातलं खेडं. शेणानं सारवलेली जमीन आणि सगळा संसार त्या जमिनीवरच. चूल खाली, विळी खाली, निखाऱ्यांची शेगडी खाली... सगळं नेमकं रांगत्या पोराच्या हाताशी! मुंबईत १९५५ साली बर्मा शेलनं सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली होती, पण तो आमच्या गावात पोचायला कित्येक वर्षं लागली. गॅस आला, ओटा आला, तेव्हा कुठे विस्तव कमरेच्या उंचीवर चढला.

तोवर पोरं सांभाळायची कशी? उंच उंबरा हेच फाटक. नाहीतर जुन्या लुगड्याची पट्टी पोराच्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक खांबाला. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. भागवतात यशोदेनं कृष्णाला उखळाला बांधलं, 'दामोदर' हे नाव त्या पोटाला बांधलेल्या दोरीवरूनच आलं. (तिनं बांधलं ते खोडीची शिक्षा म्हणून, पण हातात कामं असलेल्या बाईला आणखी सुचणार तरी काय?) आणि तिसरा उपाय म्हणजे थोरली बहीण.

आमच्या घरात ती मी. वय वर्षं आठ.

त्या दिवशी आई धुणं घेऊन नदीवर गेली. भाऊ माझ्या हवाली. मी ओटीवर सागरगोटे खेळत बसले. स्टोव्हचं घासलेट एका बाटलीत, चिंधीचं बूच लावून कोपऱ्यात ठेवलेलं असे. दिसायला पाण्यासारखंच. ठसका ऐकून आत धावले तर बाटली आडवी. आईनं आल्या आल्या मिठाचं पाणी पाजून त्याला ओकायला लावलं. डॉक्टर तिच्यावरच ओरडले. घासलेट पोटात राहिलं तर एक वेळ परवडतं, ओकताना ते फुप्फुसात शिरतं. आठ दिवस त्याची छाती घरघरत होती. आई मला एका शब्दानं बोलली नाही. बाटली मात्र फडताळाच्या वरच्या खणात गेली.

चिंधीच्या बुचाला खरा पर्याय निघाला तो कॅनडात. गोळ्या गिळलेली मुलं बघून हैराण झालेले बालरोगतज्ज्ञ हेन्री ब्रो यांनी १९६७ साली दाबून फिरवायचं झाकण आणलं. अमेरिकेनं १९७० मध्ये तसा कायदाच केला. भावाकडे बाळाच्या तापाच्या औषधाला तसलंच झाकण आहे. माझ्या संधिवाताच्या बोटांना काही ते उघडेना!

भावाला त्या घासलेटातलं काहीच आठवत नाही. परवा तो पासष्टी उलटलेला माणूस नातवाशेजारी फरशीवर पालथा पडून सोफ्याखाली बघत होता. हात घालून त्यानं रिमोटचा चपटा, बटणाएवढा सेल बाहेर काढला. असला सेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका जाळतो.

"ताई, हे वर ठेव गं," तो म्हणाला.

मी उठून तो कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात ठेवला.