पाय चेपणारे हात: पादाभ्यंगाचा एक इतिहास

पायांना तेल चोळण्याची आणि पोटऱ्या चेपण्याची प्रथा भारतात फार प्राचीन असली, तरी तिच्या इतिहासाची साधने एकांगी आहेत. ज्यांचे पाय चेपले गेले त्यांच्याविषयी ग्रंथांत पुष्कळ लिहिलेले आढळते, ज्यांनी ते चेपले त्यांच्याविषयी मात्र फारच थोडे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात निरोगी माणसाच्या नित्याच्या आचारांचे विवेचन आहे, आणि तेथे पादाभ्यंगाला, म्हणजे पायांना तेल किंवा तूप चोळण्याला, सर्वांगाच्या अभ्यंगाहून स्वतंत्र स्थान दिलेले आहे. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, शीण आणि बधिरता त्याने जाते, पायांना बळ व स्थैर्य येते, तळपायाच्या भेगा आणि गृध्रसी, म्हणजे कमरेखालून पायात उतरणारी कळ, यांपासून रक्षण होते, असे तेथे सांगितले आहे. दृष्टी निर्मळ होते हा आणखी एक लाभही चरक सांगतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात त्याची उपपत्ती अशी दिली आहे की, पायाच्या मध्यभागातून दोन मोठ्या शिरा निघून नेत्रांपर्यंत जातात आणि म्हणून पायांवर केलेला लेप वा अभ्यंग डोळ्यांपर्यंत पोहोचतो. आजचे शरीररचनाशास्त्र अशा शिरा मानत नाही. परंतु झोपताना तळपायाला तूप चोळले की डोळ्यांची आग थांबते, ही मराठी घरांतील समजूत याच विचाराशी जुळणारी आहे.

सुश्रुतसंहितेत संवाहनाचा, म्हणजे हाताने अंग हलके दाबण्याचा, अभ्यंगाहून वेगळा उल्लेख येतो व ते सुखकर, निद्रा आणणारे आणि श्रम हरण करणारे मानले जाते. तेल मुरवणे आणि स्नायू दाबणे या दोन निराळ्या क्रिया आहेत, हे भान त्यात स्पष्ट दिसते. पायाच्या प्रत्येक दुखण्यावर मालीश हाच उपाय, असे मात्र वैद्यपरंपरेने मानलेले नाही. पाऊल वेडेवाकडे पडून घोट्याच्या व टाचेच्या भागात जी वेदना होते तिला सुश्रुताने वातकंटक म्हटले आहे आणि तीवर रक्तमोक्षण व एरंडेल यांसारखे उपाय पुढील ग्रंथांत सांगितले आहेत; अजीर्ण झालेल्या माणसाला अभ्यंग करू नये, असाही वाग्भटाचा दंडक आहे.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावे असलेल्या, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात पादाभ्यंग वैद्याच्या हातून निसटून राजाच्या शयनगृहात पोहोचलेला दिसतो. या ग्रंथाच्या पाच विंशतींपैकी एकीत राजाने घ्यावयाच्या वीस उपभोगांचे वर्णन असून स्नान, तांबूल, वस्त्र, अन्न यांच्या पंक्तीतच पादाभ्यंगाचा उपभोग येतो. पाय चेपणे हे सेवेचे आणि पाय चेपून घेणे हे सत्तेचे लक्षण मानणारी दृष्टी शिल्पांतही व्यक्त झाली आहे. उत्तर प्रदेशातील देवगड येथील गुप्तकालीन मंदिराच्या शेषशायी विष्णूच्या शिल्पात लक्ष्मी पतीच्या पायाशी बसून पाय चेपताना कोरलेली आहे.

गावगाड्यात ही सेवा न्हाव्याकडे होती. हजामत हे त्याचे मुख्य काम असले, तरी मशाल धरणे, तुंबडी लावणे, अंग रगडणे आणि पाय चेपणे हीही कामे त्याच्याकडून घेतली जात आणि त्यांचा मोबदला बहुधा सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने, बलुते म्हणून, मिळत असे. नडगीच्या कडेने अंगठा कोठवर न्यावा, गोळा आलेली पोटरी आधी हलक्या हाताने सैल करून मग कशी रगडावी, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे हातानेच गेले. त्याला विद्येचा मान मिळाला नाही, कारण ते करणाऱ्याची जात खालची मानली गेली. हा अन्याय या इतिहासात स्पष्टपणे नोंदवणे आवश्यक आहे.

घरातील काशाची वाटी हा या परंपरेचा दुसरा धागा होय. कासे हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू असून त्याची उथळ, गुळगुळीत बुडाची वाटी तूप वा खोबरेल लावलेल्या तळपायावर गोलाकार घासली जाते. काही वेळाने तेल काळपट होते व ती शरीरातून निघालेली उष्णता समजली जाते. वस्तुतः तो काळेपणा घर्षणाने आणि स्निग्ध पदार्थातील आम्लाशी धातूचा संयोग होऊन येतो. घासण्याने मिळणारा आराम त्यामुळे खोटा ठरत नाही. चरकाने पादाभ्यंगाचे गुण सांगितले त्या श्लोकांत वाटीचा निर्देश नाही, हे लक्षात घेता ती घरगुती अनुभवाची देणगी मानणे अधिक योग्य वाटते.

सेवा आणि प्रतिष्ठा यांचा हा क्रम आषाढी वारीत उलटतो. आळंदीहून पंढरपूरपर्यंतच्या सुमारे अडीचशे किलोमीटरच्या वाटचालीत मुक्कामाच्या ठिकाणी गावकरी आणि स्वयंसेवक वारकऱ्यांच्या पायांना तेल लावतात, पोटऱ्या चोळतात, आणि वारकऱ्याच्या पायांची सेवा ही विठ्ठलाचीच सेवा मानली जात असल्याने चोळणाऱ्याला त्यात कमीपणा वाटत नाही.

१९५०च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे, म्हणजे व्यायाम व मर्दनासारख्या भौतिक उपायांनी करावयाच्या उपचाराचे, शिक्षण सुरू झाले आणि हाताच्या या कौशल्याला वैद्यकीय व्यवसायाची मान्यता मिळाली. न्हाव्यांचे, सुइणींचे आणि तालमीतील वस्तादांचे मर्दनाचे ज्ञान मात्र बव्हंशी लिहिले गेलेले नाही. ते जाणणारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्या पद्धती त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवण्याचे काम विद्यापीठांच्या इतिहास विभागांनी आणि आयुर्वेद महाविद्यालयांनी हाती घ्यावे.