फ्लायव्हील: जिनाच्या चाकापासून क्लचपर्यंत

मंडळी, गाडीच्या क्लचबद्दल लिहायचं तर सुरुवात कापसापासून करावी लागेल. हसू नका. आम्ही वऱ्हाडातले, आमची प्रत्येक गोष्ट कापसाशी जाऊन टेकते. पण ही खरंच टेकते.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस अडकला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ पर्यंत रेल्वे भुसावळ, अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. मग स्टेशनांच्या आसपास जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. त्यांच्या उंच चिमण्या काही गावांत अजून दिसतात. चिमणीखाली बॉयलर, शेजारी वाफेचं इंजिन आणि इंजिनाला माणसापेक्षा उंच बिडाचं चाक. तेच फ्लायव्हील.

हे चाक कशाला? तर वाफेचा दट्ट्या मागेपुढे होतो आणि आपल्याला हवं असतं गोल फिरणं. दट्ट्या प्रत्येक टोकाला क्षणभर थांबतो. तिथे क्रँक अडकून बसू शकते. जड चाक एकदा फिरायला लागलं की त्या मेल्या जागेतून ते स्वतःच्या जोरावर पुढे नेतं. जेम्स वॉटला १७८१ साली हेच करायचं होतं. पण क्रँकचं पेटंट आदल्याच वर्षी जेम्स पिकार्डने घेऊन ठेवलेलं. म्हणून वॉटने दातेरी चाकांची वेगळी योजना केली. पेटंटची भांडणं काही सॉफ्टवेअरवाल्यांनी शोधलेली नाहीत म्हणायची!

आता क्लच. माझे आजोबा मूर्तिजापूरकडच्या एका जिनात कामाला होते. ते सांगायचे की इंजिन सकाळी एकदा सुरू झालं की ते संध्याकाळपर्यंत बंद होत नसे. मग एखादंच जिन बंद करायचं असेल तर? त्यासाठी प्रत्येक मशीनवर शेजारी शेजारी दोन पुली. एक दांड्याला घट्ट बसवलेली, दुसरी नुसतीच मोकळी फिरणारी. लाकडी दांडा सरकवला की पट्टा घट्ट पुलीवरून मोकळ्या पुलीवर जाई. वर इंजिन फिरतंय, खाली मशीन उभं. आजोबा म्हणायचे, पट्टा दांड्यानेच सरकवायचा, हाताने नाही, ज्यांनी हात लावला त्यांची बोटं गेली.

म्हणजे बघा, एका बाजूला न थांबणारं जड चाक आणि दुसऱ्या बाजूला थांबलेलं मशीन. दोघांना हळूच जोडायचं आणि हवं तेव्हा तोडायचं. क्लचचा अख्खा प्रश्न एवढाच आहे.

कार्ल बेंझने जानेवारी १८८६ मध्ये मोटारगाडीचं पेटंट अर्ज करून नोंदवलं, तेव्हा त्याने हेच कारखान्यातलं सामान गाडीवर चढवलं. मागे आडवं बसवलेलं मोठं फ्लायव्हील आणि पट्टा मोकळ्या पुलीवरून घट्ट पुलीवर सरकवणारा दांडा. गाडी सुरू करायची तर फ्लायव्हील हाताने फिरवायचं. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको बर्था, दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. अंतर सुमारे १०६ किलोमीटर. म्हणजे साधारण अकोला ते अमरावती! वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने हॅटच्या पिनेने साफ केली आणि ब्रेक झिजले तेव्हा मोच्याकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं.

पुढे पट्टा गेला आणि घर्षणाचा क्लच आला. सुरुवातीला चामडं लावलेला शंकू, मग आजची चपटी तबकडी. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने सुरुवातीला केसांचे आणि कापसाचे विणलेले पट्टे डांबरासारख्या पदार्थात मुरवून घर्षणासाठी वापरले. कापूस तापला की जळतो, म्हणून १९०८ च्या सुमारास अ‍ॅसबेस्टॉस आलं. तेही फुफ्फुसांना घातक ठरल्यावर आता इतर तंतू वापरतात. म्हणजे आपला कापूस क्लचमध्येही काही वर्षं नोकरी करून आला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला आणि फ्लायव्हीलच्या कडेला दाते आले. तेव्हापासून या चाकाला तीन कामं: इंजिनाचे झटके गिळणं, स्टार्टरचे दाते घेणं आणि क्लच प्लेटला टेकायला सपाट तोंड देणं.

आता थोडं गणित (घाबरू नका, दोनच ओळी). छोट्या गाडीचं ७ किलोचं, १२ सेंटीमीटर त्रिज्येचं फ्लायव्हील धरा. मिनिटाला ८०० फेऱ्यांना त्यात सुमारे १७५ ज्यूल ऊर्जा असते, ३००० फेऱ्यांना सुमारे २५००. वेग पावणेचार पट, ऊर्जा चौदा पट. दुसरी ओळ जास्त महत्त्वाची. १००० किलोची गाडी उभी असताना क्लच सोडत सोडत ताशी १० किलोमीटरपर्यंत आणली, तर गाडीला सुमारे ३९०० ज्यूल मिळतात आणि जवळजवळ तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. दर वेळी. अर्धा क्लच दाबून रांगत राहिलं तर त्याहून जास्त.

आणि अकोला-अमरावती रस्ता बरीच वर्षं रांगायचाच होता. खड्डे, डायव्हर्शन, पुढे कापसाने भरलेला ट्रॅक्टर. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. पण तोवर बाबांच्या गाडीने सोसायचं ते सोसलं होतं. आईच्या तपासणीसाठी दर महिन्याला अमरावतीची फेरी असते. गेल्या हिवाळ्यात गाडी पहिल्या गिअरला थरथरायला लागली. बाबांचं म्हणणं, प्लेट बदला, बाकी राहू द्या. गिअरबॉक्स उतरवल्यावर मिस्त्रीकाकांनी फ्लायव्हील दाखवलं. तोंडावर निळसर काळे डाग.

"पाहा भाऊ, हे जळेल लोखंड हाये."

"लेथवर घासून नाही का चालणार काका?"

"घासलं तं आज साजरं दिसन. पन डाग टणक हाये, उद्या थो पुन्हा वर येईन. मंग पुन्हा गिअरबॉक्स उतरवा लागन."

काकांनी धातुशास्त्राचं पुस्तक उघडलेलं नाही, पण म्हणणं शंभर टक्के बरोबर. बिडाचा पृष्ठभाग जागोजागी लाल होऊन पटकन थंड झाला की तिथली रचना बदलून कडक होते. बाकीचा भाग झिजतो, हे डाग उंच राहतात आणि गाडी थरथरते. साध्या चरांना घासणं पुरतं. खोलवर डाग किंवा भेग असेल तर चाक बदलावं. काही नव्या गाड्यांत, विशेषतः डिझेलमध्ये, स्प्रिंगांनी जोडलेलं दुहेरी फ्लायव्हील असतं (१९८५ पासून). ते सहसा घासत नाहीत, बदलतातच.

आम्ही नवीन टाकलं. काकांनी क्रँकचं मागचं ऑइल सील बदललं, बोल्ट समोरासमोरचे घेत टॉर्क पान्याने आवळले, चाकाचं तोंड पुसून तेलाचं बोट लागू दिलं नाही आणि प्लेट गाईडने मधोमध धरूनच प्रेशर प्लेट कसली. तुम्ही कधी हे काम केलंत तर या चार गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. बाबा पैशांवरून दोन दिवस कुरकुरले, तिसऱ्या दिवशी आईला घेऊन अमरावतीला गेले.

जाता जाता एक गंमत. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणाऱ्या आपल्या शकुंतलेचं मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. त्याला क्लच नव्हता आणि वेगळं फ्लायव्हीलही नव्हतं. दोन सिलिंडरांच्या क्रँका काटकोनात, त्यामुळे एक अडला तरी दुसरा ढकलतो. एकदा निघाल्यावर आख्खी गाडीच फ्लायव्हील. वाफ शून्य वेगापासून जोर लावू शकते. विजेची मोटरही लावू शकते, म्हणून इलेक्ट्रिक कारलाही क्लच लागत नाही. क्लच ही फक्त त्या इंजिनांची गरज, ज्यांना उभ्याने जोर लावता येत नाही.

म्हणजे अजून काही वर्षांनी निळा डाग बोटाने ओळखणारे मिस्त्री कमी होतील, जसे पट्टा दांड्याने सरकवणारे कमी झाले. जिनांची जुनी चाकं बरीचशी भंगारात गेली. तुमच्या गावात एखादं उरलं असेल तर फोटो काढून ठेवा. आणि ते चालवलेलं कोणी म्हातारं माणूस असेल, तर आधी त्यांच्याकडे जा. फोटो नंतर.