चाकातली घरघर आणि दहातलं एक

तर झालं असं, की गाडी परत घरघरायला लागली.

गाडी म्हणजे माझी १९९४ ची माझदा मियाटा. दोन सीटांची, टप उघडणारी, इथे न्यू जर्सीत एका आजोबांकडून घेतलेली. बायको तिला 'तुझं खेळणं' म्हणते. पन्नास मैलांच्या पुढे गेलं की मागच्या डाव्या कोपऱ्यातून विमान धावपट्टीवर निघाल्यासारखा आवाज यायचा. उजवीकडे वळलं की वाढायचा, डावीकडे वळलं की जवळजवळ बंद. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, म्हणजे ओरडणारं डावं. व्हील बेअरिंग गेलं. निदानात काहीच अवघड नव्हतं.

अवघड हे होतं, की ते बेअरिंग मी स्वतःच्या हाताने आठ महिन्यांपूर्वी बदललं होतं. इंटरनेटवर जे सगळ्यात स्वस्त दिसलं ते मागवलं, मित्राच्या गॅरेजमधल्या हायड्रॉलिक प्रेसवर बसवलं, आणि ६,००० मैलांत त्याचा निकाल लागला. त्याआधीचं मूळ बेअरिंग पंचवीस वर्षांच्या वर टिकलं होतं!

बाबांना फोन लावला. बाबांची अख्खी नोकरी चिंचवडच्या एका बेअरिंग कारखान्याच्या क्वालिटी खात्यात गेली. लहानपणी आम्ही गोट्या खेळायचो त्या त्यांनी आणलेल्या रिजेक्ट छर्‍यांनी. गल्लीत आमचा रुबाब होता. मी स्वस्त मालाला मनसोक्त शिव्या दिल्या. बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, कापलंस का उघडून?"

"नाही हो बाबा, कापायचं कशाला?"

"मग तुला कसं कळलं कोणाची चूक ते? काप, फोटो पाठव. शिव्या नंतर दे."

ग्राइंडर शनिवारी मिळणार होता. तोपर्यंत नवं बेअरिंग निवडायचं म्हणून वाचायला बसलो, आणि सवयीप्रमाणे निवड राहिली बाजूला, इतिहासात घुसलो.

आसाभोवती गोळ्या बसवायची कल्पना जुनी आहे. वेल्समधल्या फिलिप व्हॉन नावाच्या माणसाने १७९४ मध्येच घोडागाडीच्या आसासाठी तिचं पेटंट घेतलं. १८६९ च्या पॅरिस–रुआं सायकल शर्यतीत जेम्स मूर जिंकला, त्याच्या सायकलला बॉल बेअरिंग होती. पण खरी अडचण कल्पनेची नव्हतीच, गोळ्यांची होती. दहा गोळ्यांत एक जरी केसभर मोठी असली तरी सगळा भार ती एकटी उचलते आणि आधी मरते. (टीममध्ये एकच जण काम करतो तेव्हा जे होतं ते.) सगळ्या गोळ्या एकसारख्या घासून काढणारं यंत्र १८८३ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या फ्रीडरिश फिशरने बनवलं आणि ते गाव बेअरिंगचं गाव झालं. इतकं, की दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानं खास त्यासाठी तिथे गेली. १४ ऑक्टोबर १९४३ च्या एका हल्ल्यात २९१ पैकी ६० बॉम्बर परत आले नाहीत.

थोडं विषयांतर. त्याच काळात इंग्लंडही स्वीडनहून बेअरिंग आणत होतं, मॉस्किटो विमानांतून, रात्री, जर्मनांच्या डोक्यावरून. त्याच विमानसेवेने, बॉम्ब ठेवायच्या जागेत झोपवून, नील्स बोर यांनाही आणलं. ऑक्सिजन नीट न मिळाल्याने ते वाटेत बेशुद्ध पडले होते म्हणे. असो.

आता वळणाकडे. गोळी वरून येणारा भार छान उचलते, बाजूने रेटा आला की तिची पंचाईत होते. सेंट लुईसला घोडागाड्या बनवणाऱ्या हेन्री टिम्केनला हेच सतावत होतं. लादलेली गाडी वळली की आसावर आडवा जोर येतो. त्याने भाच्यासोबत १८९८ मध्ये निमुळत्या रोलरचं पेटंट घेतलं, जे दोन्हीकडचा भार एकदम झेलतं. पुढे मोटारींच्या चाकांत अनेक दशकं हेच चाललं. माझ्या मियाटाच्या चाकात मात्र गोळ्यांच्या दोन रांगा आहेत, एकमेकींच्या विरुद्ध तिरक्या बसवलेल्या, म्हणजे डावीकडचा रेटा एक घेते आणि उजवीकडचा दुसरी.

हे सगळं ठीक, पण टिकाऊ म्हणजे नक्की किती? इथे मला ज्याचं नाव माहीत नव्हतं असा माणूस भेटला. आर्विड पाल्मग्रेन, गोथेनबर्गच्या एसकेएफमधला स्वीडिश इंजिनिअर. (व्होल्वो हे नावही तिथलंच, लॅटिनमध्ये 'मी घरंगळतो', आधी बेअरिंगसाठी नोंदवलेलं, मोटारीवर नंतर आलं.) एकाच दिवशी, एकाच मशिनवर, एकाच पोलादातून केलेली बेअरिंग एकसारख्या भाराखाली फिरवली तरी एकाच वेळी मरत नाहीत. एखादं लवकर जातं, एखादं त्याच्या वीस-तीसपट चालतं. इतका फरक असताना 'हे इतके तास चालेल' असं लिहून द्यायचं कसं?

पाल्मग्रेनने १९२४ च्या लेखात 'हे' बेअरिंग सोडून दिलं आणि घोळक्याबद्दल बोलायला सुरुवात केली. शंभरातली नव्वद जिथपर्यंत पोचतील तो आकडा सांगायचा. पुढे वायबुल यांचं संख्याशास्त्र हाताशी घेऊन त्याने आणि गुस्ताफ लुंडबर्गने १९४७ मध्ये त्याचा पूर्ण सिद्धांत मांडला. आज जगभरच्या कॅटलॉगमध्ये छापलेलं 'एल-टेन' आयुष्य ते हेच: दहा टक्के जातील, नव्वद राहतील. निम्मी जायला साधारण त्याच्या पाचपट वेळ लागतो. वाचताना मी खुर्चीतून उठलोच. आम्ही सर्व्हरचा रिस्पॉन्स टाइम सांगताना सरासरी सांगत नाही, पी-नाइंटी सांगतो, आणि हा शहाणपणा आपल्या धंद्याने काढला अशी माझी समजूत होती. शंभर वर्षं उशीर झाला आम्हाला!

त्याच सिद्धांतातली दुसरी गोष्ट स्पोर्ट्स कारवाल्यांनी पाठ करावी अशी. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या उलट्या प्रमाणात बदलतं. भार दुप्पट केला की आयुष्य निम्मं नाही, आठवा हिस्सा. (रोलरला साधारण दहावा.) आणि जोरात वळण घेताना भार नुसता दुप्पट होत नाही. टायर जमिनीवर आडवा ढकलला जातो तो बिंदू बेअरिंगच्या मध्यापासून जवळजवळ ३०० मिमी खाली. बेअरिंगच्या दोन रांगा जिथे तो पीळ झेलतात त्यांतलं अंतर जेमतेम ५०-६० मिमी. म्हणजे पहारीने दगड उचलावा तसा हिशोब: जमिनीवरचा एक किलो आत पाच-सहा किलो होऊन पोचतो. म्हणून रोज ऑफिसला जाणारी मियाटा आणि शनिवारी रेस ट्रॅकवर जाणारी मियाटा, बेअरिंग तेच, पण आयुष्यं दोन वेगळ्या जन्मांची. मी ट्रॅकवर जात नाही. मग माझं आठ महिन्यांत का जावं?

पोलाद हे एक उत्तर असू शकत होतं. शंभर भागांत एक भाग कार्बन आणि दीड भाग क्रोमियम, ही कृती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून फारशी बदललेली नाही. बदलली ती स्वच्छता. पोलादात ऑक्साइडचे सूक्ष्म कण राहतात, आणि चीर तिथून, पृष्ठभागाच्या जरा खालून सुरू होते. साठच्या दशकात वितळलेल्या पोलादातून निर्वातात वायू ओढून काढायला लागले आणि बेअरिंगचं आयुष्य कितीतरी वाढलं. इतकं, की १९८५ मध्ये आयोनिडिस आणि हॅरिस यांनी मांडलं, पोलाद आणि ग्रीस स्वच्छ असेल, भार एका मर्यादेखाली असेल, तर थकव्याने बेअरिंग मरायलाच नको. पाणी, धूळ, फाटलेलं सील आणि बसवणाऱ्याचा हात यांनी मात्र मरतं.

शनिवारी कापलं. ग्रीस पुसल्यावर आतल्या कडीच्या खाचेत खड्डे दिसले. बारीक, गोल, आणि अगदी समान अंतरावर, जणू कोणी मोजून ठोकलेत. बाबांना फोटो पाठवला. व्हॉट्सअॅपवर उत्तर एका ओळीचं: "हब दाबताना खाली आधार कुठे दिला होतास?"

आधार दिला होता बाहेरच्या कडीला. हब बसतो आतल्या कडीत. म्हणजे प्रेसचा टनांचा जोर आतल्या कडीतून छर्‍यांवर, छर्‍यांतून बाहेरच्या कडीवर, असा गेला होता. प्रत्येक छर्‍याने आपापल्या जागी खड्डा पाडला. याला ब्रिनेलिंग म्हणतात, कठीणपणा मोजायला पोलादात गोळी दाबून खड्डा मोजणाऱ्या स्वीडिश ब्रिनेल यांच्यावरून. माझं बेअरिंग गाडीला लागायच्या आधीच मेलं होतं, आणि मी त्याच्यावर ६,००० मैल फिरलो. बायकोला शेजारी बसवून. यावर बाबा काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

त्यांनी खरेदीचे नियम मात्र सांगितले. माझदाला मूळ पुरवठा करणाऱ्या जपानी कंपनीचंच घे, अधिकृत वितरकाकडून घे, कारण नकली डबे हुबेहूब असतात. "आणि डबा बसवायच्या क्षणापर्यंत फोडू नकोस." हब घासून गुळगुळीत असेल तिथे खरवडलेला नाही ना ते बघ. बाहेरची कडी नकलमध्ये दाबताना जोर बाहेरच्या कडीवर, हब दाबताना आधार आतल्या कडीला. हबचा नट नवा, आणि टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या आकड्यावर. दोनशे न्यूटन-मीटरच्या वरचं काम आहे, अंदाजाने नाही करायचं. आतल्या दोन कड्या एकमेकींवर घट्ट बसल्या तरच दोन रांगांतला ताण बरोबर येतो.

रविवारी व्हिडिओ कॉल लावून बसवलं. तिकडे रात्रीचे साडेदहा, बाबा चष्मा कपाळावर चढवून स्क्रीनला नाक लावून. "थांब, कॅमेरा खाली घे. हं. आता दाब."

हायवेवर पासष्टला फक्त वारा ऐकू आला.

परत आल्यावर विचारलं, "बाबा, उजवीकडचं पण बदलू का? ते १९९४ चंच आहे, मूळ. केव्हाही जाईल."

"आवाज करतंय?"

"नाही."

"हलवून बघितलंस? खेळ आहे?"

"अजिबात नाही."

"मग इतकी वर्षं चाललंय ते उपटून तिथे तुझ्या हातचं कशाला बसवतोस?" म्हणाले. "दर महिन्याला हलवून बघ. आणि आता झोपू दे मला."