परभणीच्या दोन माता

संत पौलाला जेरुसलेममध्ये फटके मारण्यासाठी बांधले होते. आपण जन्माने रोमन नागरिक आहोत, असे त्याने सांगताच शिपाई मागे सरले. प्रभू येशूपाशी असे नागरिकत्व नव्हते. त्याच्या पाठीवर चाबूक पडलाच. राज्य एकच, पण पाठ कोणाची हे पाहून हात उठे.

आपल्या देशात हा भेद इंग्रजांनी कायद्यातच लिहिला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. नावनोंदणी, पोलिसांपुढे हजेरी, परवान्याविना गाव सोडण्यास बंदी. मूल पाळण्यात असतानाच संशयित ठरे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या. दफ्तरातून नावे गेली; पण नजरेतून गेली काय? औरंगाबाद धर्मप्रांतातील परभणी हाच प्रश्न विचारते.

परभणीचा ख्वाजा युनूस हा सत्तावीस वर्षांचा मुसलमान अभियंता. घाटकोपर स्फोटप्रकरणी डिसेंबर २००२ मध्ये त्याला अटक झाली. जानेवारी २००३ मध्ये तो कोठडीतून पळाल्याचे पोलिसांनी सांगितले. कोठडीत त्याला बेदम मारहाण झाल्याचे सहआरोपीने न्यायालयात सांगितले. तो पुन्हा कोणालाच दिसला नाही. त्याचे सहआरोपी २००५ साली निर्दोष सुटले. आई आसिया बेगम न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिल्या. २०१२ साली उच्च न्यायालयाने भरपाई देवविली. ज्या चार पोलिसांवर खटला भरला गेला, ते मात्र २०२० साली सेवेत परतले.

१० डिसेंबर २०२४ रोजी त्याच शहरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले व धरपकड झाली. पकडलेल्यांत कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी होता. तो वडार समाजाचा. हा समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. अनेक जखमांच्या धक्क्याने तो दगावला, असे शवविच्छेदनात नमूद झाले. आई विजयाबाई न्यायालयात गेल्या. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांवर गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला.

अटकेची खबर नातलगाला द्यावी, बंदीची वैद्यकीय तपासणी करावी, हे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच घालून दिले होते. नियमांची उणीव नव्हती. मात्र देशातील तुरुंगांत दलित, आदिवासी व मुसलमान यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने अधिक असल्याचे सरकारी आकडेच वर्षानुवर्षे दाखवीत आले आहेत.

सर्वच पोलीस क्रूर असतात, असे आम्ही म्हणत नाही. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक मुले ती वर्दी इमानाने वापरतात. त्यांनाही आम्ही हेच सांगू. उपवासकाळात आपण क्रुसाची वाट चालतो. चौथ्या स्थानी दंडित पुत्राला त्याची माता भेटते आणि आपण गुडघे टेकतो. आसियाबेगमना आणि विजयाबाईंना वाटेत पुत्र भेटलाच नाही. पुढल्या वेळी त्या स्थानी गुडघे टेकताना या दोघींचीही आठवण ठेवू या. आणि कोणाला पोलीस घेऊन गेले असे कानी आले, तर 'तो कोणत्या जातीचा?' असे न विचारता 'तो सुखरूप आहे ना?' असे विचारू या.