डोंगरीचे १०१ दिवस आणि आर्थर रोडचे न मोजलेले दिवस

मराठी तुरुंगवाङ्मयाचा विचार करताना आपण गोपाळ गणेश आगरकरांच्या ‘डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस’ या पुस्तकापाशी थांबतोच. कोल्हापूर प्रकरणातील अब्रूनुकसानीच्या खटल्यात १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची साधी कैद झाली आणि १०१ दिवसांनी ते सुटले. या शीर्षकातला आकडा आम्हांला महत्त्वाचा वाटतो. खटला चालला, शिक्षा झाली, मुदत ठरली. म्हणूनच दिवस मोजता आले.

डोंगरीहून सातरस्त्याकडे, चिंचपोकळी-लालबागच्या गिरणगावात आलो की आर्थर रोडचा तुरुंग लागतो. रस्त्याला आता साने गुरुजींचे नाव आहे. ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. सुमारे ८०० कैद्यांसाठीच्या या तुरुंगात मे २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, अडीच हजारांहून अधिक माणसे होती.

एवढी गर्दी पाहून आपला समाज फार माणसांना डांबतो, असे वाटेल. परंतु लोकसंख्येच्या प्रमाणात पाहता भारतात लाखामागे सुमारे ४० कैदी आहेत. अमेरिकेत पाचशेहून अधिक. मग आपले तुरुंग भरतात कसे? किती जण आत येतात, यासोबत प्रत्येक जण किती काळ राहतो, यावरही तुरुंगाची संख्या ठरते. २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. म्हणजे चारांतील तिघांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता. तारखेमागून तारीख पडते. जामीन मंजूर झाला तरी गरिबाला जामीनदार मिळत नाही.

कमाल शिक्षेची निम्मी मुदत कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडण्याची तरतूद २००५ च्या दुरुस्तीने झाली. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने, काही अपवाद वगळता, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी ती एकतृतीयांशावर आणली. पण कायद्यातील मुदत कैद्यापर्यंत पोहोचण्यासाठी कोणीतरी त्याचे दिवस मोजावे लागतात.

आगरकरांनी आपले दिवस स्वतः मोजले आणि लिहिले. आर्थर रोडच्या कच्च्या कैद्याने लिहायचे ठरवले, तर शीर्षकात तो कोणता आकडा घालणार? तुरुंगवाङ्मय शिकवताना हा रिकामा आकडाही आपण वाचायला हवा.