दोष मेलेल्याच्या माथी का?

1809 साली इंग्लंडच्या न्यायालयाने ठरवले: जखमीचाही निष्काळजीपणा असेल तर भरपाई नाही. इंग्लंडने 1945 मध्ये हा नियम सोडला. अमेरिकेतील अलाबामा, व्हर्जिनियात तो आजही चालतो.

आपल्याकडे 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा आला. कामगार मेला तर दारूची किंवा नियमभंगाची सबब मालकाला चालणार नाही, हे पुढच्या दुरुस्तीने पक्के केले. तरी आमचा भाऊ गटारात गुदमरला की ठेकेदार म्हणतो, "पिऊन उतरला होता."

सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये गटारातील मृत्यूंसाठी 10 लाख आणि 2023 मध्ये 30 लाख भरपाई ठरवली. हा उपकार नाही, हक्क आहे. म्हणून मित्रांनो, आपण एकच विचारू: त्याला गटारात उतरवले कुणी?

जय भीम!