बीड जिल्ह्यातील बालवस्त्रे आणि ऋतुमान

अंबाजोगाईस दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी अद्याप जतन केलेली आहे. ते जाडेभरडे वस्त्र टिकले, कारण त्यावर ग्रंथ लिहिला गेला. त्याच परिसरातील पाळण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली बालवस्त्रे मात्र जीर्ण होऊन नाहीशी झाली. त्यांचा इतिहास मुख्यतः शब्दांत उरला आहे.

बाळुते, अंगडे, टोपडे, कुंची, दुपटे हे शब्द बीड जिल्ह्यास इतर मराठी मुलखाशी समान आहेत. ‘अंगडे’, ‘टोपडे’ यांतील ‘-डे’ हा अपभ्रंशातून आलेला लघुत्वदर्शक प्रत्यय होय. ‘दुपटे’ म्हणजे दुपदरी वस्त्र. ही नावे बाळाच्या अंगावरून वा कापडाच्या घडीवरून पडलेली दिसतात. ऋतूवरून पडलेले नाव त्यांत नाही. ऋतूगणिक निराळा पोशाख करण्याऐवजी त्याच वस्त्रांचे थर कमी-अधिक करावयाचे, ही रीत त्यातून सूचित होते.

प्रदेशाचे हवामानही ह्या रीतीस पोषकच होते. पर्जन्यछायेतील ह्या जिल्ह्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांपलीकडे जाते, तर पौषातील पहाट बोचरी असते. उन्हाळ्यात जुन्या धोतराचे अथवा लुगड्याचे, धुऊन मऊ झालेले सुती बाळुते पुरे होई. पावसाळ्यात बाळुती वाळणे हीच अडचण; म्हणून जुनेऱ्याचा साठा हवा. हिवाळ्यात अंगड्यावर कुंची व तीवर दुपटे येई. कुंचीने डोके, कान व पाठ ही एकाच वस्त्राने झाकली जात.

ह्या रीतीतील मर्म आधुनिक वैद्यकासही मान्य आहे. अर्भकास मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही, आणि शरीराच्या मानाने त्याचे डोके मोठे असल्याने तेथून उष्णता फार जाते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी राबविलेल्या घरोघरच्या नवजात-सेवेत बाळास उबदार ठेवणे हे एक मुख्य काम होते; तिचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. उलट, उन्हाळ्यात फाजील गुंडाळल्याने बाळास ताप चढतो. तेव्हा थर काढणे हेही घालण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

परंतु ही सारी व्यवस्था घर गृहीत धरते: माहेरचे बाळंतपण, जुनेऱ्याचे गाठोडे, वाळत घालण्यास दोरी, शेकास शेगडी. १९७२ च्या दुष्काळानंतर जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर वाढत गेले. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे नेमका थंडीचा काळ कोपीत जातो. पहाटेच्या अंधारात आई फडात जाते, तेव्हा तान्हे मूलही बरोबर असते. तोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. त्या हिशेबात मुलाला नाव नाही.

बालवस्त्रांच्या नामावलीत ऋतूचे नाव नव्हते, कारण ऋतू ओळखून थर चढविणारी व उतरविणारी आजी घरात होती. फडाच्या बांधावर ती नसते. वस्त्र तेच राहिले; ते वेळेवर घालणारा हात मात्र तेथे कोयत्यात गुंतलेला आहे.